चूल वेगळी मांडू म्हणणारे निवडून आले, मग पाच वर्षं केलं काय? (क्युबेक, १९७६-८१)

देवगड_धक्का

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबचा आहे, पण इथे वाचणारे-लिहिणारे लोक आहेत म्हणून टाकतोय, आणि कृपा करून गुगल कर असं सांगू नका, दोन इंग्रजी लेख वाचून डोकं धरून बसलोय.

माझा भाचा माँट्रियलला शिकायला गेलाय. परवा त्याने तिथल्या गाडीच्या नंबर प्लेटचा फोटो पाठवला, खाली फ्रेंचमधे लिहिलंय 'ज म सुव्हियें', म्हणजे म्हणे 'मला आठवतं'. मी म्हटलं काय आठवतं रे? तर म्हणाला मामा, ते इथे पण लोक भांडत असतात. पूर्वी तिथे 'सुंदर प्रांत' असं काहीतरी गोडगोड टुरिझमवाल्यांचं वाक्य होतं, १९७८ ला ते काढून हे आणलं, आणि आणणारं सरकार होतं क्युबेक हा फ्रेंच बोलणाऱ्यांचा प्रांत कॅनडातून वेगळा काढू म्हणणाऱ्या पक्षाचं.

इथपर्यंत ठीक. पण तो राहतो त्या घराची मालकीण एक ऐंशीच्या पुढची आजी आहे. ती त्याला म्हणाली की मी १९७६ ला त्या पक्षाला मत दिलं, १९८० ला वेगळं व्हायचं का म्हणून मतदान झालं तेव्हा 'नाही' वर खूण केली, आणि १९८१ ला परत त्याच पक्षाला मत दिलं. आणि हे सगळं अगदी शांतपणे, म्हणजे यात काही विचित्र आहे असं तिला वाटतच नाही.

मला काही हे पचत नाहीये. आमच्याकडे भाऊ वेगळा व्हायचं म्हणाला की वर्षाच्या आत वाटणीपत्र होतं, नाहीतर कोर्टात दावा लागतो. इथे वेगळं व्हायचं म्हणून निवडून आले आणि चार वर्षं त्यावर मतदानच नाही? मग त्या विधानसभेत पाच वर्षं केलं काय? आणि हरल्यावर लोकांनी हाकललं कसं नाही? आमच्या धक्क्यावर यावर दोन संध्याकाळी वाद झालाय, मासळीचा लिलाव राहिला बाजूला.

निवृत्त_रत्नांग्री

देवगडकर, प्रश्न मस्त आहे. मी बरीच वर्षं पोरांना राज्यशास्त्र शिकवलंय त्यामुळे लांबलचक लिहिणार, चहा घेऊन बसा.

आधी हे समजून घ्या की १९७६ ला लोकांनी 'वेगळं व्हा' म्हणून मत दिलेलंच नव्हतं. पक्षाचं नाव पार्ती केबेक्वा, नेता रने लेव्हेक. हा मूळचा पत्रकार, टीव्हीवर गाजलेला, हातात कायम सिगरेट, आणि आधी लिबरल पक्षात मंत्री असताना वीज कंपन्या सरकारी करण्यात याचाच मोठा हात होता. १९७३ च्या निवडणुकीत या पक्षाला ३० टक्के मतं पडली आणि जागा किती, तर ११० पैकी ६. लिबरल पक्षाला १०२. आपल्यासारखीच पद्धत तिथेही, जो पुढे तो आला, त्यामुळे मतं आणि जागा यांचा काही मेळ नाही.

मग १९७४ ला पक्षात क्लोद मोरँ नावाच्या माणसाने डोकं चालवलं. म्हणाला लोक आपल्याला घाबरतात, त्यांना वाटतं की हे निवडून आले की दुसऱ्या दिवशी सीमेवर नाकं उभी करतील. तर आपण असं सांगू की आधी आम्हाला चांगलं सरकार चालवायला निवडून द्या, वेगळं व्हायचं की नाही ते नंतर रेफरेंडम (त्या एका प्रश्नावर थेट लोकांचं मतदान) घेऊन तुम्हालाच विचारू. म्हणजे टप्प्याटप्प्याने. पक्षातले कडवे लोक चिडले, पण धोरण ठरलं, आणि त्याने काम केलं.

समोर रोबेर बुरासांचं लिबरल सरकार होतं, ते संपांनी, भानगडींनी आणि ऑलिंपिकच्या खर्चाने पिचलेलं. माँट्रियल ऑलिंपिक त्याच वर्षी झालं होतं आणि त्या स्टेडियमचं कर्ज पुढे तीस वर्षं फेडत होते. १९७४ चा त्यांचा भाषा कायदा असा की फ्रेंचवाले म्हणाले पुळचट आणि इंग्रजीवाले म्हणाले जुलूम. १५ नोव्हेंबर १९७६ ला निकाल लागला, पार्ती केबेक्वा ७१, लिबरल २६, आणि जुना युनियन नासियोनाल पक्ष मधेच उठून ११ जागा घेऊन गेला, त्याने लिबरलांची मतं चांगलीच खाल्ली. जिंकणाऱ्यांची मतं होती ४१ टक्के. खुद्द बुरासा स्वतःच्या मतदारसंघात पडले, आणि पाडलं कोणी, तर जेराल गोदँ नावाच्या कवीने, ज्याला १९७० च्या ऑक्टोबरातल्या धरपकडीत युद्धकाळासाठीच्या खास कायद्याखाली आत टाकलं होतं. हे मला फार आवडतं, पोरांना सांगायचो तेव्हा मागच्या बाकावरची पण जागी व्हायची.

तर डिसेंबर १९७६ ला ही विधानसभा बसली ती मार्च १९८१ पर्यंत. तिथे तिला नॅशनल असेंब्ली म्हणतात, प्रांताच्या विधानसभेला 'राष्ट्रीय' हे नाव १९६८ पासूनच आहे, यांनी दिलेलं नाही. लेव्हेकने सत्तेत आल्यावर पहिल्या वर्षात दोन गोष्टी केल्या आणि दोन्ही एकाच दिवशी पास झाल्या, २६ ऑगस्ट १९७७.

एक सगळ्यांना माहीत असलेला, १०१ नंबरचा कायदा, फ्रेंच भाषेची सनद. तो आणणारा मंत्री कामी लोरँ हा पेशाने मानसोपचारतज्ज्ञ. गंमत म्हणजे तो आधी १ नंबरचं विधेयक म्हणून आला होता, पण विरोधकांनी कमिटीत एवढं रेटलं की ते मागे घेऊन नव्या नंबराने परत मांडलं. दुकानाच्या पाट्या फक्त फ्रेंच, ५० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीत कामाची भाषा फ्रेंच, आणि इंग्रजी शाळेत कोण जाणार, तर ज्याचा बाप किंवा आई क्युबेकमधेच इंग्रजी प्राथमिक शाळेत शिकलेली आहे तोच. बाहेरून आलेल्यांची मुलं सरसकट फ्रेंच शाळेत. त्याआधी ही मुलं बहुतेक इंग्रजीत जायची आणि फ्रेंच घरातला जन्मदर तर कोसळलेला, त्यामुळे त्यांना खरंच भीती होती की दोन पिढ्यांत माँट्रियल हातातून जाईल.

दुसरा कायदा कोणी सांगत नाही, पण लेव्हेकला स्वतःला त्याचाच जास्त अभिमान होता. पक्षाला देणगी फक्त मतदार देऊ शकेल, आणि तीही वर्षाला जास्तीत जास्त ३००० डॉलर. कंपनी नाही, युनियन नाही, मंडळ नाही. १९७७ ला! आपल्याकडे इलेक्टोरल बाँड कोर्टाने २०२४ ला रद्द केले तेव्हा मला याच कायद्याची आठवण झाली. म्हणजे 'वेगळं व्हायचं' वाल्यांनी सगळ्यात आधी पैशाचं दार बंद केलं, स्वतःचंही.

बाकीचं उद्या लिहितो, बोटं दुखली.

वकीलबाई_कुडाळ

सर अर्ध्यावर सोडून गेले तोवर मी घुसते, कारण या सरकारचे दोन कायदे माझ्या धंद्याच्या जवळचे आहेत आणि त्या आजीचं कोडं मला वाटतं इथेच सुटतं.

पहिला गाडीच्या विम्याचा. मी अपघाताचे क्लेम चालवते, मुंबई-गोवा हायवेने मला कामाची कमतरता कधी पडू दिली नाही (हसू नका, वाईट वाटतं). एखादा माणूस कणकवलीच्या पुढे उडवला गेला की त्याच्या बायकोला आधी सिद्ध करावं लागतं की चूक समोरच्याची, मग पंचनामा, मग साक्षीदार, तो साक्षीदार मुंबईला गेलेला, विमा कंपनीचा वकील तारखा मागतो, पोरगं दहावीतून ग्रॅज्युएट होतं तरी केस चालूच. क्युबेकमधे हेच चालायचं. तर लीझ पायेत म्हणून मंत्री होती, टीव्हीवरची मोठी लोकप्रिय बाई, राजकारणात नवीच. तिने १ मार्च १९७८ पासून असं केलं की अपघातात शरीराला इजा झाली तर चूक कोणाची हा प्रश्नच विचारायचा नाही, सरकारी मंडळ थेट पैसे देणार, आणि त्याच्या बदल्यात कोर्टात दावा लावायचा हक्क गेला. पैसा कुठून, तर लायसन आणि गाडीच्या नोंदणीच्या फीमधून. गाडीच्या पत्र्याचं नुकसान मात्र खाजगी विम्याकडेच राहिलं.

वकील मंडळी तिच्यावर तुटून पडली होती, आणि खरं सांगते, मी तिथे असते तर मी पण पडले असते, पोटावर पाय होता. लोक विचारायचे दारू पिऊन ठोकणाऱ्याला पण पैसे देणार का, आणि उत्तर हो असंच होतं, तेही अजून लोकांना खुपतं. पण आज जवळजवळ पन्नास वर्षं झाली तरी योजना चालू आहे. आपल्याकडे चूक न बघता मिळणारी रक्कम कितीतरी वर्षं मृत्यूला ५० हजार होती, आत्ता २०२२ पासून कुठे ५ लाख झाली. आता मला सांगा, ज्या बाईच्या नवऱ्याला १९७९ ला ट्रकने उडवलं आणि दावा न लावता घरी चेक आला, ती १९८१ ला कोणाला मत देईल? वेगळं राष्ट्र वगैरे तिच्या डोक्यात पण नसेल.

दुसरा जमिनीचा. हा वाचून तर आपल्या लोकांनी उसासा टाकावा. क्युबेक नकाशात केवढा मोठा दिसतो पण पिकाऊ जमीन एकूण क्षेत्राच्या दोनेक टक्के, तीही बहुतेक सेंट लॉरेन्स नदीच्या काठाला, आणि माँट्रियलचं शहर नेमकं त्याच्यावरच पसरत होतं. शेतीमंत्री ज्याँ गारोंने १९७८ च्या शेवटाला कायदा आणला, शेतीचा पट्टा आखायचा आणि त्यातली जमीन बिगरशेतीला वापरायची तर एका आयोगाची परवानगी लागणार. आणि हुशारी बघा, विधेयक मांडलं त्या दिवसापासूनच जमीन गोठवली, नाहीतर चर्चा चालू असेपर्यंत बिल्डर लोकांनी नांगरलेल्या वावरातपण खुंट्या मारल्या असत्या.

आपल्याकडे शेतजमीन शेतकऱ्यानेच घ्यायची असा १९४८ चा कुळकायदा आहे, कलम ६३, आणि आपल्याला सगळ्यांना माहिती आहे की मुंबईचा माणूस सातबारा कुठून पैदा करतो. पुढे बिनशेती, मग प्लॉटिंग, मग 'सी व्ह्यू' चा बोर्ड. माझ्याकडे अशी खरेदीखतं महिन्याला येतात, आणि हो, मी ती करून देते, पोट आहे. गेल्या साली एकाची काजूची बाग अशीच गेली, सात हिस्सेदार, सहा मुंबईला, आणि सह्या मात्र सगळ्यांच्या एका दिवसात.

सातार्ड्याक_इलो

वा रे बाबांनो, क्युबेकाक कित्याक जातास, ह्या सगळा आमच्या दारात होवन गेलला आसा! मराठीतच लिवतो नायतर वकीलबाई हसतले.

माझे वडील सुरुवातीला पेडण्यात मराठी शाळेवर मास्तर होते, मूळ घर आमचं नदीच्या अलीकडे. गोव्याचा १९६७ चा ओपिनियन पोल विसरलात का सगळे? १९६१ ला गोवा सुटला, १९६३ ला पहिली निवडणूक, महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष निवडून आला, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री. पक्षाचा मुद्दा एकच, गोवा महाराष्ट्रात घाला. आता लोकांनी निवडून दिलं म्हणजे लोकांना तेच हवं असा अर्थ झाला ना? तर १६ जानेवारी १९६७ ला मतदान झालं, फूल म्हणजे विलीन, दोन पानं म्हणजे केंद्रशासित वेगळं. दोन पानांना १,७२,१९१, फुलाला १,३८,१७०. चौतीस हजाराने भाऊसाहेब हरले.

आणि मार्चमधे, म्हणजे दोन-अडीच महिन्यात, परत विधानसभेची निवडणूक, आणि कोण आलं? परत भाऊसाहेबच. मरेपर्यंत, १९७३ पर्यंत तेच मुख्यमंत्री, आणि नंतर त्यांची मुलगी शशिकलाताई काकोडकर. आमच्या बाबांनी फुलावरच शिक्का मारला होता, आणि निकाल लागला त्या दिवशी घरात चूल पेटली नाही असं आई सांगायची. पण शेजारचा कुळ, त्याने पानांवर मारलेला आणि विधानसभेला भाऊंना दिलेलं. बाबांनी विचारलं असं कसं रे, तर म्हणाला, मास्तरांनू, भाऊ आमका शाळा देता, भाटकारापासून (जमीनदारापासून) सोडयता, पण म्हणून काय मी माझा घर मुंबैक नेवन बांदू?

तर देवगडकरांनू, तुमची ती माँट्रियलची आजी आणि आमचो शेजारी एकाच वर्गातले. माका तरी ह्यात काय कोडा दिसत नाय.

संकासुर_गुहागर

सगळे लेव्हेकची आरती ओवाळताय म्हणून जरा खोडा घालतो.

आधी गोव्याचं. मास्तरांचे चिरंजीव, तुमची गोष्ट झकास पण दोन्ही सारखं नाहीये. एकतर उलटं आहे, तिथे वेगळं व्हायचं होतं आणि गोव्यात मिसळायचं होतं, गोव्यातला 'वेगळे राहू' वाला गट जिंकला आणि क्युबेकचा हरला. दुसरं म्हणजे गोव्याचा पोल दिल्लीने घेतला, संसदेने १९६६ ला कायदा केला तेव्हा झाला, आणि तो नीट व्हावा म्हणून बांदोडकरांनी आधी राजीनामा दिला होता. क्युबेकमधे प्रांताच्या विधानसभेने स्वतः रेफरेंडमचा कायदा केला १९७८ ला, प्रश्न स्वतः लिहिला, आणि खुर्चीवर बसूनच प्रचार केला. आमच्या इथे ग्रामपंचायतीने असा ठराव केला की बीडीओ दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन येतो. ओटावाने, म्हणजे कॅनडाच्या केंद्र सरकारने, अडवलं नाही हे मला जास्त नवलाचं वाटतं.

आता भाषेचं. कायदा पास झाल्यावर काय झालं ते पण सांगा की. सन लाइफसारखी मोठी विमा कंपनी १९७८ च्या जानेवारीत जाहीर करून मोकळी झाली की मुख्य ऑफिस टोरँटोला हलवतो. १९७६ ते ८१ मधे लाखाच्या आसपास इंग्रजी बोलणारी माणसं प्रांत सोडून गेली. (टोरँटो त्याआधीच पुढे चाललं होतं हे मान्य, पण धक्का द्यायला कोणीतरी लागतंच.) आणि डिसेंबर १९७९ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कायदे आणि कोर्टाचं कामकाज फक्त फ्रेंचमधे हे घटनेत बसत नाही, मग असेंब्लीने दोन वर्षांचे फ्रेंचमधे केलेले कायदे घाईघाईने इंग्रजीत पण परत पास केले. फजिती नाही तर काय.

आणि पाट्यांनी भाषा वाचते का? आपल्याकडे २०२२ ला कायदा सुधारला, २०२३ ला सुप्रीम कोर्टाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली, मराठी पाट्या लागल्या. आमच्या बाजारपेठेत एकाने 'फुटवेअर' हेच मराठीत लिहून लावलंय, ठळक अक्षरात. पाटी मराठी झाली, आत पोरगी म्हणते 'अंकल साइज बोलो'. पाटीवर जोर आणि शाळेकडे दुर्लक्ष असं आपलं झालंय.

वकीलबाई_कुडाळ

संकासुर, तुम्ही स्वतःच स्वतःला उत्तर दिलंत की. त्यांनी शाळेलाच हात घातला. पाटीचा भाग १९८८ ला कोर्टात उडाला तो उडाला, पण शाळेचा टिकला, थोडा बदलून का होईना. आज माँट्रियलमधे व्हिएतनामी, हैती, लेबनॉन कुठून कुठून आलेल्यांची पोरं आपापसात फ्रेंच बोलतात ती त्या शाळेच्या कलमामुळे. देवगडकरांच्या भाच्यालाच विचारा, बसमधे काय ऐकू येतं.

अजून एक राहिलं. याच विधानसभेने १९८० च्या डिसेंबरात कुटुंब कायदा बदलला, त्यात असं आलं की एप्रिल १९८१ पासून लग्नानंतर बाईचं नाव तेच राहणार. राहू शकेल असं नाही, राहणारच. नवऱ्याचं आडनाव लावायचं तर उलट खटपट. मला लग्नानंतर बँक, पॅन, बार कौन्सिल सगळीकडे जे फेरे घालावे लागले ते आठवलं की वाटतं, ही पाच वर्षं नुसती वेगळं व्हायची गप्पा मारणाऱ्यांची नव्हती.

निवृत्त_रत्नांग्री

परत आलो. संकासुराचे आकडे बरोबर आहेत, आणि गोव्यातला फरकही बरोबर पकडलाय. मी एवढंच म्हणेन की मतदाराच्या डोक्यात जे चालतं ते दोन्हीकडे सारखंच दिसतं.

आता रेफरेंडम. देवगडकर, तुमचा वाटणीचाच दाखला घेऊ. लेव्हेकने लोकांना 'वेगळं व्हायचं का' असं विचारलंच नाही. त्याची कल्पना होती 'सार्वभौमत्व आणि सहयोग', म्हणजे कायदे आमचे, कर आमचे, परदेशांशी संबंध आमचे, पण चलन आणि व्यापार कॅनडाशी सामाईक. चूल वेगळी पण विहीर एकच, आणि रहाट कोणी ओढायचा ते नंतर बसून ठरवू. प्रश्न चांगला परिच्छेदभर लांब, आणि त्यातही विचारलं एवढंच की याबद्दल बोलणी करायची परवानगी देता का. बोलण्यांतून जे निघेल ते परत दुसऱ्या रेफरेंडमशिवाय लागू होणार नाही. घाबरणाऱ्याला घाबरायला जागाच ठेवायची नाही असा प्रयत्न. पण झालं असं की कडव्यांना ते मिळमिळीत वाटलं आणि बाकीच्यांना वाटलं यात काहीतरी लपवलंय.

मार्च १९८० मधे असेंब्लीत या प्रश्नावर ३५ तास चर्चा झाली. १९७८ पासून सभागृहाचं कामकाज टीव्हीवर दाखवत होते, त्यामुळे लोकांनी घरी बसून बघितलं, आणि त्यात सरकारी बाजूने मैदान मारलं. अगदी आखून बोलले, प्रत्येक मंत्री आपापलं खातं घेऊन. विरोधी नेता क्लोद रायन, 'ल द्व्हार' वर्तमानपत्राचा जुना संपादक, मुद्देसूद पण कोरडा, त्याचे लोक प्रश्नाच्या व्याकरणातच अडकून राहिले. वाटलं की हे जिंकतात.

आणि मग त्याच लीझ पायेतबाईंनी, जिच्या विम्याचं वकीलबाईंनी कौतुक केलं, सगळ्यावर पाणी ओतलं. शाळेच्या जुन्या पुस्तकात ईव्हेत नावाची एक गुणी मुलगी असायची, भाऊ बाहेर खेळतो आणि ही भांडी घासते. बाई स्त्रियांच्या प्रश्नांच्या मंत्री, त्या एका सभेतल्या भाषणात म्हणाल्या की ईव्हेत होऊ नका, इथवर ठीक, पण पुढे म्हणाल्या की रायनची बायको म्हणजे अशीच ईव्हेत. झालं! घर सांभाळणाऱ्या बायकांना ते लागलं. त्यांनी 'आम्ही ईव्हेत' म्हणून मेळावे सुरू केले, ७ एप्रिलला माँट्रियलच्या फोरममधे, जिथे आइस हॉकी होते तिथे, १४-१५ हजार बायका जमल्या. पायेतबाईंनी असेंब्लीत माफी मागितली पण उशीर झाला. आमच्या इथे एका उमेदवाराने एकदा प्रचारात 'चुलीपाशी बसणाऱ्यांना काय कळतं' म्हटलं होतं, त्याचं डिपॉझिट कुठे गेलं ते गावाला माहीत आहे.

वरून ओटावातून कॅनडाचा पंतप्रधान पिएर ट्रुडो, स्वतः क्युबेकचाच, १४ मे ला येऊन भाषण ठोकून गेला की 'नाही' म्हणा, मी घटना बदलतो. काय बदलतो ते सांगितलं नाही, ज्याला जे हवं ते त्याने ऐकलं. २० मे १९८० ला मतदान, ८५ टक्क्यांच्या वर लोक बाहेर पडले, 'नाही' ५९.५६ आणि 'हो' ४०.४४. फ्रेंच बोलणाऱ्यांतसुद्धा जवळपास निम्मे 'नाही' कडे. लेव्हेक स्टेजवर आला, पाच मिनिटं लोक टाळ्या थांबवेनात, आणि तो म्हणाला, तुम्ही मला हेच सांगताय ना की पुढच्या वेळेपर्यंत.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, हाकललं कसं नाही. बाहेरून बघता सगळ्यांना वाटत होतं की गेले हे, पाच वर्षांत पोटनिवडणुका तर हे सारखे हरतच होते. पण ट्रुडोने ऑक्टोबर १९८० ला जाहीर केलं की प्रांत हो म्हणोत की न म्हणोत, मी घटना (ती तोवर ब्रिटिश संसदेच्या हातात होती) लंडनहून आणणार. तेव्हा क्युबेकच्या माणसाला वाटलं की आता आपल्या बाजूने भांडायला कोणीतरी खमका पाहिजे. लेव्हेकने कबूल केलं की पुढच्या पाच वर्षांत रेफरेंडम नाही. म्हणजे भीती संपली आणि चांगलं सरकार तेवढं उरलं. १३ एप्रिल १९८१ ला १२२ पैकी ८० जागा, मतं ४९ टक्के, १९७६ पेक्षा आठ टक्के जास्त. युनियन नासियोनाल पार पुसला गेला, त्यांचा एकेकाळचा नेता रोद्रिग बिरों तर आधीच उठून यांच्यात आला होता.

हरून आल्यावर जास्त मतं. बांदोडकरांचं पण असंच काहीसं, सातार्ड्याचे म्हणाले तसं.

संकासुर_गुहागर

सर, मग त्यांना फायदाच झाला म्हणायचा की हरले ते. जिंकले असते तर बोलणी करत बसले असते आणि समोरचे नऊ प्रांत म्हणाले असते विहीर पण आमचीच.

निवृत्त_रत्नांग्री

तसं म्हणू नका, त्या रात्री हॉलमधे लोक रडत होते. आणि १९९५ ला परत घेतला की, तेव्हा सरकार दुसरं, नेता जाक पारिझो, मतदान ९३ टक्के आणि 'नाही' ५०.५८. अर्ध्या टक्क्याचा खेळ. पण तो वेगळा धागा काढा, इथे नको.

देवगड_धक्का

मंडळी, सगळ्यांचे आभार, सगळं वाचलं, बायकोला पण वाचून दाखवलं, तिला फक्त आडनावाचं आवडलं.

भाच्याला रात्री फोन केला. त्याने आजीला विचारलं की तुमच्या नवऱ्याला अपघात वगैरे झाला होता का, म्हणून विम्यासाठी मत दिलंत का. आजी म्हणाली कसला अपघात, तो तर तिच्याआधी कधी घराबाहेरच पडायचा नाही. तिचं कारण भलतंच निघालं. तिच्या वडिलांच्या गावाजवळ एक तळं होतं, त्यावर पैसेवाल्यांच्या खाजगी क्लबचा ताबा, आजूबाजूच्या नदीतळ्यांवर पण अशीच माणसं, गावातल्या माणसाने गळ टाकला तर चौकीदार हाकलायचा. १९७७-७८ ला या सरकारने ते सगळे क्लब बंद करून शिकार-मासेमारी सगळ्यांना खुली केली. तिचे वडील सत्तराव्या वर्षी पहिल्यांदा त्या तळ्यावर गळ घेऊन गेले. त्यांना काय मासा लागला ते पण तिने सांगितलं पण नाव फ्रेंचमधे, भाच्याला कळलं नाही.

आणि १९८० ला 'नाही' का? तर म्हणे प्रश्न फार लांब होता, वाचून कंटाळा आला.

हे मी आज धक्क्यावर सांगितलं तर आमचा तो वाद घालणारा गप्पच झाला, मग थोड्या वेळाने म्हणतो, आपल्या खाडीवर त्या रिसॉर्टवाल्याने तार घातलीय तिचं काय ते आधी बघूया. वकीलबाई, तुम्हाला पर्सनलला मेसेज टाकलाय, सातबाऱ्याचा फोटो पण जोडलाय, जमलं तर बघा.

वकीलबाई_कुडाळ

बघितला. फोटो तिरका आलाय, गट नंबर दिसत नाही. परत काढून पाठवा, आणि तार भरती-रेषेच्या आत आहे की बाहेर ते अमावास्येच्या भरतीला जाऊन बघून या.

सातार्ड्याक_इलो

माका पण बोलवा रे, गळ घेवन येतंय.